अवजड यंत्रांसाठी टिकाऊ ग्रीस गन कशी निवडावी

नमस्कार. पोकलेन, जेसीबी, टिपर किंवा बार्जवरची क्रेन ज्यांच्या देखभालीखाली आहे, अशा गोव्यातील फिटर, ऑपरेटर आणि यंत्रमालकांसाठी आजचा विषय आहे ग्रीस गन, म्हणजे यंत्राच्या सांध्यांत दाबाने ग्रीस भरण्याचे हत्यार. लाखो रुपयांच्या यंत्राच्या सांध्यांतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश, या एका हत्याराच्या भरवशावर टिकतात. तरीही ते विकत घेताना बहुतेक वेळा खोक्यावरचा दाबाचा आकडा आणि किंमत एवढेच पाहिले जाते. माझे मत असे आहे की, गन किती वर्षे चालेल हे तिचे हेड (दाब निर्माण करणारा भाग), तिचा कपलर (यंत्रावर बसणारे तोंड) आणि तिच्या सुट्या भागांची उपलब्धता यांवर ठरते. दाबाचा विचार त्यानंतर करावा.

तरी त्या आकड्याचा अर्थ समजून घेऊ. दांड्याच्या चांगल्या हातगनवर १०,००० पीएसआय असे लिहिलेले असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० किलो. एवढ्या दाबाची गरज रोज ग्रीस मिळणाऱ्या पिनेला कधीच लागत नाही. ती लागते ती जुने ग्रीस वाळून मार्ग बुजलेल्या निपलला, म्हणजे यंत्रावरच्या ग्रीस आत घेणाऱ्या तोंडाला. आपल्याकडे २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी आणि सांगे भागांत कितीतरी यंत्रे उभी राहिली. अशी यंत्रे पुन्हा चालू करताना कमी दाबाची गन हात टेकते. मात्र दाब आणि ग्रीसचे प्रमाण एकमेकांच्या उलट चालतात. हेडमधला दट्ट्या बारीक असेल तर त्याच हातबळात दाब जास्त मिळतो, पण दर ठोक्याला ग्रीस कमी पडते. दट्ट्या जाड असेल तर ग्रीस जास्त आणि दाब कमी. बहुतेक हातगन एका ठोक्याला साधारण एक ग्रॅम ग्रीस देतात. आपली गन किती देते हे पाहायचे असेल तर दहा ठोके कागदावर सोडून ते वजनकाट्यावर ठेवावे.

(गन जवळून दाखवत) हे हेड पाहा. गनचे आयुष्य येथे ठरते. दट्ट्या आणि त्याच्या छिद्रातली फट अतिशय बारीक असावी लागते, कारण तेथे रबरी सील असला तरी मोठा दाब मुख्यतः ही अचूक बसवणूकच पेलते. मऊ धातूच्या हेडमध्ये हे छिद्र काही महिन्यांत लंबगोल होते, मग दांडा दाबला की ग्रीस निपलमध्ये जाण्याऐवजी दट्ट्याच्या कडेने वर येते. म्हणून हेड ओतीव लोखंडाचे किंवा पोलादाचे, आणि दट्ट्या कठीण केलेल्या पोलादाचा आहे का, हे विचारावे. दांड्याची पिन सहज काढता येईल अशी असावी. ती रिव्हेटने कायमची ठोकलेली असेल तर झिजल्यावर संपूर्ण गन टाकून द्यावी लागते.

दुकानात करण्यासारखी एक चाचणी आहे आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. लोखंडाच्या ठोकळ्यात आरपार छिद्र न पाडता एक निपल बसवून तो सोबत न्यावा. गनमध्ये ग्रीस भरून, हवा काढून, कपलर त्या निपलवर लावावा आणि दांडा दाबून धरावा. चांगल्या गनचा दांडा तेथेच घट्ट अडतो. तो हळूहळू खाली जात राहिला आणि कपलर किंवा होजच्या (हेड आणि कपलर जोडणाऱ्या नळीच्या) सांध्यात ग्रीस दिसले नाही, तर ग्रीस दट्ट्याच्या कडेने मागे सरकत आहे, आणि अशी गन नवी असतानाच नाकारावी.

कपलर हा सर्वांत स्वस्त भाग, आणि सर्वांत आधी तोच जातो. चार जबड्यांचा, कठीण केलेल्या पोलादाचा कपलर घ्यावा. अंगठ्याने उघडणारा लॉक कपलर मिळाला तर एका हाताने काम होते, आणि दाब अडकल्यावर निपलवरून तो ओढून काढताना निपल तुटत नाही. होजच्या आट्यांकडे लक्ष द्यावे, कारण एम-१० (मेट्रिक) आणि एक-अष्टमांश इंची बीएसपी (ब्रिटिश मापाचा) हे दोन आटे डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचा जबरदस्तीने फिरवला की हेडचे आटे कायमचे खराब होतात.

होजवर कामाचा दाब आणि फुटण्याचा दाब हे दोन्ही आकडे छापलेले असावेत, आणि टोकांना स्प्रिंगचे संरक्षण असावे. गन दाबताना होज मुठीत धरू नये. ही गोष्ट मी कळकळीने सांगत आहे, कारण होजच्या बारीक छिद्रातून सुटलेले ग्रीस कातडीत घुसते, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत ऊती मरत जातात. असे झाले तर घरगुती उपाय न करता ताबडतोब बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ग्रीस दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

आता ग्रीस भरण्याची पद्धत. गोव्यात बहुतेक ठिकाणी सुट्या बादलीतले ग्रीस वापरले जाते. चिऱ्याच्या किंवा खनिजाच्या खाणीवर लाल धूळ कोठेही बसते, आणि उघड्या बादलीत पडलेली धूळ पिनेपर्यंत पोहोचली की ग्रीसच बुश घासू लागते. म्हणून हेडवर भरण्याचे वेगळे निपल असलेली गन घ्यावी, जिच्यात झाकणबंद बादलीवरच्या पंपाने ग्रीस भरता येते. ४०० ग्रॅमचे कार्ट्रिज, म्हणजे ग्रीसची तयार बंद नळी, याहूनही स्वच्छ असते, परंतु ते महाग पडते आणि सर्वत्र मिळत नाही. बॅरल, म्हणजे गनची ग्रीस भरलेली नळी, जाड पत्र्याचे असावे, कारण एक पोचा पडला की आतला, ग्रीस पुढे ढकलणारा दट्ट्या तेथे अडकतो आणि ग्रीस हेडपर्यंत येत नाही.

बॅटरीची गन घ्यावी का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. एका पोकलेनच्या वीस-तीस निपलांना रोज ग्रीस द्यायचे असेल आणि यंत्रे अनेक असतील, तर ती मनुष्यबळ वाचवते. परंतु तिच्यात हाताला अडथळ्याची जाणीव होत नाही, त्यामुळे सीलबंद बेअरिंगचे सील फुटू शकतात. शिवाय मांडवी-झुआरीच्या काठावरची खारी हवा बॅटरीच्या संपर्कपट्ट्यांना मानवत नाही. एखादेच यंत्र असणाऱ्याने दांड्याची गन घ्यावी. मोठ्या ताफ्यातही एक हातगन राखून ठेवावी. हवेवर चालणारी गन कॉम्प्रेसर असलेल्या कार्यशाळेसाठीच योग्य आहे. पिस्तुलासारखी एकहाती गन अडचणीच्या जागी सोयीची असते, पण तिचा दाब साधारणपणे कमी असतो.

बकेटच्या पिनांसाठी मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस आणि इतर ठिकाणी साधे लिथियम ग्रीस वापरत असाल, तर दोन स्वतंत्र गन ठेवाव्यात आणि त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या लावाव्यात.

खरेदी करतानाच त्याच गनचा सीलसंच, एक जादा कपलर आणि एक जादा होज मागावा. दुकानदाराला ते देता आले नाही, तर गन दुसऱ्या दुकानातून घ्यावी. जून ते सप्टेंबरच्या पावसात गन उघड्यावर किंवा टिपरच्या हौद्यात ठेवू नये. काम झाले की बाहेरून पुसावी, कपलरला टोपी घालावी, आणि ती बरेच दिवस वापरायची नसेल तर मागची दांडी ओढून अडकवावी, म्हणजे स्प्रिंगच्या सततच्या दाबाखाली ग्रीसमधले तेल वेगळे होऊन गळत नाही.