एक दिवस, एक ठिकाण

(दृश्य: सकाळ. गावाचा फाटा. कापडी पिशव्या घेऊन एसटीची वाट पाहणाऱ्या बाया, दोन-तीन म्हातारे.)

लोणारचं विवर पाहायला परदेशातून भूशास्त्राचे अभ्यासक येतात. मेहकर तालुक्यातल्या या गावापासून ते एसटीने जेमतेम तासाभराच्या वाटेवर. तरी इथल्या कित्येक बायांनी आत्ताआत्तापर्यंत ते पाहिलं नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात प्रवास म्हणजे लग्न, मयत, दवाखाना, बाजार. फार तर शेगावला महाराजांचं दर्शन. नुसतं बघायला म्हणून कोण निघणार? दिवसाची मजुरी बुडते.

गावच्या बचत गटातल्या बायांनी ही चाल मोडली. शेतातलं काम थोडं हलकं झालं की सकाळच्या गाडीने निघायचं आणि शेवटच्या गाडीने परतायचं. शिदोरी घरची: ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. मुक्काम नाही. सोबत गावातली म्हातारी माणसंही येतात.

एसटीच्या सवलतींनी हे जमवून आणलं. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. पण खरा खर्च तिकिटाचा नाहीच, तो बुडालेल्या दिवसाचा आहे. म्हणून सहलीची तारीख शेत ठरवतं. पेरणी आटोपली आणि निंदण अजून लागलं नाही, असे मधले दिवस. सोयाबीन घरात आल्यावरचे दिवस. तूर निघाल्यानंतरचा फेब्रुवारी. कपाशीची वेचणी सुरू असली की सहलीचं नाव कोणी काढत नाही.

गटाचा एक नियम आहे: एका दिवसात एकच ठिकाण. शेगाव, लोणार आणि सिंदखेडराजा एका दिवसात उरकणाऱ्या गाड्या आपण पाहतो. माणसं उतरतात, फोटो काढतात, चढतात. तशा धावपळीपेक्षा हा नियम फार चांगला, असं आम्हाला या चित्रीकरणात पुन्हा पुन्हा वाटलं.

(दृश्य: लोणार. विवराच्या काठावरून दिसणारं पाणी.)

काठावर आल्याबरोबर बोलणं थांबतं. समोर सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा गोल खोलगट भाग, उतारांवर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. 1823 साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने याची नोंद केली. पुढे बराच काळ हे ज्वालामुखीचं तोंड असावं असा समज होता. विसाव्या शतकात इथल्या खडकांमध्ये मास्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघाताने खडकातल्या खनिजाचं असं काचेत रूपांतर होतं. आकाशातून आलेल्या दगडाने दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये हा खड्डा पाडला, हे तेव्हा पक्कं झालं.

हे ऐकून एक आजी विचारतात, "एवढा मोठा दगड आभायातून पडला, तं इथल्या मानसांचं काय झालं असन?"

या प्रश्नाचं उत्तर विवराच्या वयावर अवलंबून आहे. जुन्या मोजणीने ते 50 हजार वर्षांच्या आसपासचं. अलीकडच्या, आर्गॉन वायूच्या आधारे केलेल्या मोजणीने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांपूर्वीचं ठरतं. दुसरा आकडा धरला, तर आपल्यासारखी माणसं तेव्हा पृथ्वीवर नव्हतीच. आजी थोडा वेळ पाण्याकडे बघत राहतात आणि म्हणतात, "मंग बरं झालं."

(दृश्य: गोमुखाची धार. नंतर झाडीतून उतरणारी पायवाट.)

काठाजवळ गोमुखाची धार अखंड वाहते. हे पाणी गोडं. खाली सरोवराचं पाणी मात्र खारं आणि अल्कधर्मी. बोटांना ते साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं. याच पाण्यातून निघणारा क्षार साबण आणि काच बनवायला वापरत. 'आईन-ए-अकबरी'तही त्याचा उल्लेख आहे. जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढल्यावर मिठात वाढणारे सूक्ष्मजीव बळावले आणि रंग त्यांचा होता. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

तळाशी कमळजा देवीचं देऊळ आहे. मेहकरच्या बायांना ती परकी नाही. मेहकरात कंचनीचा महाल आहे आणि कमळजेच्या देवळातला दिवा दिसावा म्हणून कंचनीने तो उंच बांधला, ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. आता त्या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभ्या आहेत. एक ताई मागे वळून काठाची उंची नजरेने मोजतात. दिवा दिसला असता का, यावर तिथेच वाद रंगतो.

हा गट लोणारला एकदाच येऊन थांबला नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी मागे सरतं आणि कडेला पांढरा क्षार दिसतो. पावसाळ्यानंतर तेच पाणी वर चढतं, उतार हिरवेगार होतात आणि मोरांचा आवाज चारी बाजूंनी येतो. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळही निवांत बघण्यासारखं. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती एका फेरीत संपत नाहीत. मे महिन्याच्या मध्याला काही दिवस सूर्याची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात, तेव्हा यायचं असं दर वर्षी ठरतं.

(दृश्य: सिंदखेडराजा. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचा दरवाजा.)

12 जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मदिवशी, सिंदखेडराजाला पाय ठेवायला जागा नसते. आमचा गट मुद्दाम साध्या दिवशी जातो. राजवाडा, पुतळा बारव, मोती तलावाचा बांध, सगळं पायी.

लखुजीरावांच्या समाधीपाशी मात्र सगळे बसतात. 25 जुलै 1629 रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, लखुजीरावांची मुलानातवासह हत्या झाली. शिवरायांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा. एक ताई बोटांवर महिने मोजतात. सात महिनेही भरत नाहीत. म्हणजे बाप आणि भाऊ मारले गेल्याची बातमी आली, तेव्हा जिजाऊंना दिवस गेलेले होते. बायांपैकी कोणीच काही बोलत नाही. मग एकीला तिच्या बाळंतपणाच्या दिवसांत वारलेला भाऊ आठवतो, आणि बोलणं सुरू होतं ते उन्हं कलेपर्यंत. पाटीवर जन्मतारीख असते, मृत्यूची तारीख असते. त्या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवायला अशी निवांत बसलेली माणसं लागतात.

याच समाधीजवळ 2024 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात आधी देवळाचे अवशेष लागले आणि पुढे शेषशायी विष्णूची मोठी, देखणी मूर्ती निघाली. मेहकरच्या लोकांना यात नवल कमी, आपुलकी जास्त. त्यांचा शारंगधर बालाजी, अखंड काळ्या पाषाणातली ती भव्य मूर्ती, 1888 साली अशीच जमिनीतून निघाली होती.

(दृश्य: संध्याकाळ. एसटी स्टँड.)

अडचणी आहेत, आणि त्या सांगायलाच हव्यात. बऱ्याच ठिकाणी बायांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नाही, म्हणून सकाळपासून पाणी कमी पिणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या. फेब्रुवारीच्या उन्हातही. शेवटची गाडी लवकर असते आणि ती रद्द झाली तर स्टँडवर सांगणारं कोणी सापडत नाही. अर्ध्या तिकिटाने बाई घराबाहेर पडली. आता तिला दिवसभर बाहेर राहता येईल, एवढी सोय करणं अवघड नाही.

पुढची फेरी वाशीमची ठरली आहे. वाशीम म्हणजे वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेचं वत्सगुल्म. अजिंठ्याचं 16 वं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. अजिंठा एका दिवसात होत नाही, वाशीम होतं. तूर निघाली की जायचं. गाडी किती वाजता, तेवढं मेहकरच्या स्टँडवर विचारायचं राहिलं आहे.