सीबीटी कुठे मिळते, कशी चालते

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, डोंबिवलीहून रोज लोकलने कामाला जाणाऱ्या एक बाई आहेत. एके सकाळी गर्दीत त्यांची छाती धडधडू लागते, घाम फुटतो, आता जीव जाणार असं वाटतं. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, हृदय ठणठणीत असतं. तरीही त्या दिवसापासून लोकलमध्ये चढायची हिंमत होत नाही. डॉक्टर म्हणतात, "हे पॅनिक अटॅक आहेत, सीबीटी घ्या." सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी, विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारा मानसोपचार. ती घ्यायची कुठे आणि चालते कशी, तेच आज सांगायचं आहे.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. जिल्हा रुग्णालयातही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली चौकशी करता येते. ओपीडीत गर्दी फार. डॉक्टरांच्या हाती थोडी मिनिटं असतात, त्यात गोळ्या लिहून होतात. म्हणून आपणच क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबद्दल, म्हणजे बोलण्यातून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांबद्दल, स्पष्ट विचारायचं: "इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का? मला सीबीटी हवी आहे." संकोच करू नका. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. गावात कोणीच नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पुढे कुठे जायचं, हे तिथे विचारता येतं. जीव द्यावासा वाटत असेल, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. घरच्यांना सांगा आणि लगेच जवळचं रुग्णालय गाठा.

खासगीत जाणार असाल, तर दोन प्रश्न विचाराच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? आणि सीबीटीचं प्रशिक्षण कुठे घेतलं? हे विचारणं उद्धटपणा नाही. समुपदेशक ही पाटी आज कोणीही लावतो, आणि चुकीच्या माणसाकडे पैसे आणि उमेद दोन्ही जातात, याचं मला फार वाईट वाटतं. फी आणि किती भेटी लागतील, तेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आता त्या खोलीत काय होतं?

अमेरिकेत फिलाडेल्फियातले मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960च्या दशकात ही पद्धत घडवली. त्याआधी, 1955च्या सुमारास, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी तिच्याशी मिळतीजुळती विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली होती. ती मराठी माणसांपर्यंत पोचवली कि. मो. फडके यांनी. दोन्हींचा गाभा असा, की घटनेइतकाच तिचा आपण लावलेला अर्थ आपल्याला त्रास देतो.

भेट साधारण पाऊण ते एक तासाची, बहुधा आठवड्याला एक. पुष्कळांना आठ ते वीस भेटी लागतात. सुरुवातीला प्रश्नावली भरून घेतात, ध्येय ठरवतात. आपल्या बाईंचं ध्येय असेल, "एकटीने ऑफिसला जाणं." मग वहीत नोंदी सुरू होतात: कुठे होते, मनात काय आलं, भीती शंभरपैकी किती. "धडधडतंय म्हणजे हार्ट अटॅक" हा विचार कागदावर आला, की त्याचे पुरावे दोन्ही बाजूंनी तपासता येतात. कधी थेरपिस्ट जागच्या जागी धावायलाही लावतात. धडधड वाढते, आणि आपोआप उतरते. ते स्वतः अनुभवल्यावर जो विश्वास बसतो, तो समजुतीच्या चार शब्दांनी बसत नाही.

नंतर पायऱ्या. आधी नुसतं फलाटावर उभं राहायचं. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने एक स्टेशन. मग तीन. भीती वाटली तरी पहिल्याच मिनिटाला उतरायचं नाही. हे सगळं दोन भेटींच्या मधल्या दिवसांत करायचं असतं, आणि माझ्या मते खरा उपचार तिथेच होतो. गृहपाठ राहिला, तरी भेट चुकवू नका. तो का राहिला, यावरही काम करता येतं.

मधे एखादा आठवडा त्रास वाढल्यासारखा वाटेल, कारण इतके दिवस टाळलेल्या गोष्टीला आपण सामोरं जातोय. अनेकजण नेमके तेव्हाच सोडून देतात. तसं वाटलं, तर थेरपिस्टना सांगा, ते पायरी लहान करतील. गोळ्या चालू असतील, तर मनाने बंद करू नका. तीव्र नैराश्यात दोन्ही उपचार बहुधा एकत्रच देतात. आणि चार-पाच भेटींनंतरही काहीच सूर जुळत नसेल, तर तसं सांगून दुसरे थेरपिस्ट निवडायला हरकत नाही.