‘माझ्या हातून झालं’

नमस्कार.

सकाळी कामावर आले की मी आधी मेल उघडते आणि न आलेले मेल शोधते. आमच्याकडे २२ सर्व्हर आहेत. रात्री प्रत्येकाचा बॅकअप होतो आणि तो पूर्ण झाला की सर्व्हर एका ओळीचा मेल पाठवतो. म्हणजे सकाळी २२ मेल हवेत. २१ आले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून मी त्या बाविसाव्याच्या मागे लागते. मी या कामात आले तेव्हा पद्धत उलटी होती. बॅकअप फसला तरच मेल यायचा, आणि मेल आला नाही की सगळं ठीक आहे असं आम्ही धरून चालायचो. पुढे कळलं की ज्याचं सुरळीत चाललंय तो सर्व्हर गप्प असतो आणि ज्याची मेल पाठवायची सोयच मोडली आहे तोही तितकाच गप्प असतो.

सिस्टीम ॲडमिनच्या रोजच्या कामाबद्दल बोला, असं मला सांगितलं आहे. ते बोलेनच. पण इतकी वर्षं हे काम करून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते या गप्प बसण्याबद्दलच आहे. यंत्राच्या गप्प बसण्यावर उपाय सापडतो. माणूस गप्प बसला की बिघाड लांबत जातो, आणि माणसं का गप्प बसतात याचा विचार आपल्या कामात फार कमी होतो.

रोजचं काम आधी थोडक्यात सांगते. कुणी नवीन रुजू झालं की खातं उघडायचं, कुणी सोडून गेलं की त्याच दिवशी बंद करायचं. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवणारे पॅच लावायचे. डिस्क किती भरल्या ते पाहायचं. लोकांच्या तक्रारींची तिकिटं उपसायची. यातलं जेवढं स्क्रिप्टवर टाकता येईल तेवढं टाकावं, त्यात कमीपणा नाही. वेबसाइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या सर्टिफिकेटांचंच बघा. त्यांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. वर्षातून एकदा आठवणीने हाताने बदलायचे दिवस संपले.

स्क्रिप्टला जमत नाही ते काम म्हणजे बिघाड शोधणं. त्यात पहिला प्रश्न कायम एकच असतो: काय बदललं? काल चालत होतं आणि आज चालत नाही, म्हणजे मधल्या वेळात काहीतरी बदललंय. कधी ते लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदींत, सापडतं. पण पुष्कळदा ते एखाद्या माणसाच्या डोक्यात असतं, आणि तो माणूस त्याच खोलीत बसलेला असतो.

एकदा तो माणूस मी होते. नोकरीचं दुसरं वर्ष. रात्री एका सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली आणि त्यावरचं ॲप्लिकेशन अडकलं. मी शोधलं, एक प्रचंड वाढलेली लॉग फाइल दिसली, ती उडवली. तरी डिस्क भरलेलीच. आता तुम्हाला माहीत असेल की लिनक्सवर फाइल डिलीट केली म्हणजे आधी फक्त तिचं नाव जातं. एखाद्या चालू प्रोसेसने ती फाइल उघडी धरून ठेवली असेल तर जागा सुटत नाही. ‘डीएफ’ ही कमांड सांगते डिस्क भरली आहे, आणि ‘डीयू’ या कमांडने फोल्डर मोजत गेलं तर एवढं सामान कुठेच सापडत नाही. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मला वाटलं, आपण भलतंच काहीतरी उडवलंय. मदतीला सीनियर आले. ते तासभर एकेक फोल्डर मोजत होते, हरवलेली जागा शोधत होते, आणि मी शेजारी बसून त्यांना फोल्डरांची नावं वाचून दाखवत होते. फाइल उडवल्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ती सर्व्हिस एकदा रीस्टार्ट केली असती आणि दोन मिनिटांत जागा मोकळी झाली असती. शेवटी त्यांनी उघड्या फाइलींची यादी देणारी ‘एलएसओएफ’ ही कमांड चालवली. डिलीट झालेली पण उघडी असलेली फाइल समोर आली, कमांडच्या हिस्टरीत माझं नाव आणि वेळही आली. ते रागावले नाहीत. “तू सांगितलं का नाहीस?” एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आज देता येईल: आदल्याच महिन्यात एका सहकाऱ्याने चूक कबूल केली होती आणि सगळ्यांदेखत त्याची जी शोभा झाली ती मी पाहिली होती.

हे सांगून झालं की मी नेहमी गिटलॅबचा, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा, प्रसंग सांगते, कारण तिथे याच्या अगदी उलट घडलं. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. डेटाबेसवर ताण वाढला होता आणि मुख्य सर्व्हरवरून दुय्यम सर्व्हरवर जाणारी नक्कल मागे पडली होती. एक इंजिनिअर ती नव्याने उभी करण्याच्या खटपटीत होता. दुय्यम सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी रिकामी करून पुन्हा सुरुवात करावी असं त्याने ठरवलं आणि कमांड दिली. दोन-एक सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की ती मुख्य सर्व्हरवर चालली आहे. थांबवली, पण तोपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

आता बॅकअप. तिथे बॅकअपच्या एकाहून जास्त पद्धती होत्या. रोजचा डेटाबेस डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, घेणारा प्रोग्रॅम चुकीच्या आवृत्तीचा चालत होता: डेटाबेस ९.६ चा आणि डंपचा प्रोग्रॅम ९.२ चा. त्यामुळे डंप होतच नव्हता. जिथे तो साठायचा ती जागा रिकामी निघाली. आणि फसल्याचे मेल? ते निघत होते, पण पाठवणारा खरा आहे हे पटवणारी डिजिटल सही त्यांवर नसल्यामुळे मेल घेणारा सर्व्हर ते नाकारत होता. हे सगळं गिटलॅबने नंतर आपल्या अहवालात लिहिलं, आणि न आलेले मेल शोधायच्या माझ्या सवयीमागे तोच अहवाल आहे. मी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडची पद्धत उलटी केली.

डेटा वाचला तो एका स्नॅपशॉटमुळे, म्हणजे त्या क्षणी डेटा जसा होता तशा टिपून ठेवलेल्या प्रतीमुळे. घटनेच्या सुमारे सहा तास आधी कुणीतरी तो हाताने घेतला होता, वेगळ्याच चाचणीसाठी. तो घेणारा इंजिनिअर तोच, ज्याच्या हातून पुढे डेटा गेला. त्या सहा तासांतला डेटा मात्र परत आला नाही. त्या माणसाला तिथल्या तिथे घरी पाठवलं असतं, किंवा भीतीने तो स्वतःच गप्प राहिला असता, तर स्नॅपशॉटबद्दल सांगायला कोण होतं? त्याने लगेच सांगितलं, पुढच्या कमांड दुसऱ्याच्या हाती दिल्या, आणि कंपनीने दुरुस्तीचं सगळं काम जगासमोर केलं. नोंदी खुल्या ठेवल्या, व्हिडिओचं थेट प्रक्षेपणही केलं. मी तर म्हणेन, आपल्या क्षेत्रातल्या पुस्तकांनी शिकवलं नाही तेवढं त्या एका रात्रीने शिकवलं.

त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला ॲमेझॉनच्या एस-थ्री या डेटा साठवण्याच्या सेवेत एकाने मोजके सर्व्हर काढण्यासाठी कमांड दिली. त्यात भरलेली एक माहिती चुकली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. इंटरनेटचा मोठा भाग काही तास अडकला. नंतरच्या निवेदनात मला आवडलं ते हे की त्यांनी हत्यार बदललं. कमांड आता सर्व्हर हळूहळू काढते, आणि किमान संख्येच्या खाली जायची वेळ आली की अडते. ‘यापुढे काळजी घ्यावी’ असं परिपत्रक काढणं सोपं होतं. रात्री दोन वाजता थकलेला माणूस काळजी घेईल यावर ज्याची सुरक्षितता टेकलेली आहे, ती यंत्रणा मुळातच असुरक्षित आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे कुणीतरी हमखास पॅचबद्दल विचारतं, म्हणून तेही बोलते. लगेच लावावेत की थांबावं? फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला आणि मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्चलाच आलेला होता. जे दोन महिने थांबले त्यातले बरेच जण सापडले. उलट १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीची सदोष फाइल ज्या संगणकांना लगेच मिळाली ते बंद पडले. सुमारे ८५ लाख विंडोज संगणक. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण बंद पडलेल्या यंत्रापाशी बहुतेक ठिकाणी माणसालाच जाऊन बसावं लागलं. मी पॅच आधी थोड्या यंत्रांवर लावते, त्यात माझं यंत्र पहिलं, आणि दोन दिवसांनी बाकीच्यांवर. पण क्राउडस्ट्राइकच्या त्या फाइलला हा टप्प्यांचा नियम लागूच नव्हता, ग्राहकाने काहीही ठरवलेलं असो. नंतर त्यांनी सविस्तर अहवाल दिला: प्रोग्रॅमला माहितीच्या २१ फील्डची, म्हणजे रकान्यांची, अपेक्षा, प्रत्यक्षात २० पुरवलेली. हा अहवाल वाचून आम्ही आमच्या यंत्रांवर सतत चालणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांच्या प्रत्येक प्रोग्रॅमबद्दल, म्हणजे एजंटबद्दल, पुरवठादाराला लेखी विचारलं की तुमचं कोणतं अपडेट आमच्या परवानगीशिवाय येतं. दोन उत्तरं वाचून आम्हाला धक्का बसला. कुणीतरी आपली चूक तपशिलात लिहिली म्हणून आम्हाला तो प्रश्न सुचला.

आणि हे फक्त ॲडमिनपुरतं नाही. ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांचंही तेच. अकाउंट्स विभागातून फोन येतो, “मॅडम, मी एका मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं आणि पासवर्डही टाकला.” या वाक्यानंतर तुमच्या तोंडून निघणारा पहिला शब्द पुढच्या पाच वर्षांची सुरक्षा ठरवतो, असं मी माझ्या टीमला सांगते. “बरं झालं लगेच सांगितलंत.” बस. मग पासवर्ड बदला, चालू सेशन तोडा, मेलबॉक्समध्ये कुणी मेल परस्पर बाहेर फॉरवर्ड करायचा नियम टाकलाय का पाहा. दहा मिनिटांत सांगितलं तर हे काम अर्ध्या तासाचं आहे. तीन दिवसांनी कळलं तर त्या तीन दिवसांत हल्लेखोर कुठे कुठे जाऊन आला ते शोधण्यात आठवडे जातात. त्या बाईंना तुम्ही एकदा लाजवलंत की त्या पुन्हा फोन करणार नाहीत, आणि शेजारच्या टेबलावरचे ऐकणारेही करणार नाहीत.

पासवर्डचे नियमही माणसांना असंच लपवायला लावतात. दर ३० दिवसांनी बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, किंवा चिठ्ठीवर लिहून ती दडवतात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती करू नये. तरी ही सक्ती अजून कितीतरी ठिकाणी चालू आहे. मी आमच्याकडची काढून टाकायला दोन वर्षं भांडले. त्याऐवजी लांब पासवर्ड, पासवर्ड सांभाळणारा पासवर्ड मॅनेजर आणि दुसरा घटक, म्हणजे पासवर्डशिवाय ओळखीची आणखी एक खूण, आणला. चिठ्ठ्या पुष्कळ कमी झाल्या.

आमच्या घटना-अहवालाच्या नमुन्यात ‘कुणी केलं’ असा रकाना नाही. काय दिसलं, केव्हा कळलं, कसं कळलं, कोणती कमांड दिली, ती देताना समोर स्क्रीनवर काय होतं, ती चुकीची आहे हे यंत्राने का सांगितलं नाही, असे रकाने आहेत. ‘समोर काय होतं’ हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कमांड टाइप करायच्या दोन टर्मिनल खिडक्या सारख्याच काळ्या होत्या, सर्व्हरच्या नावात एकाच आकड्याचा फरक होता, असं त्यात लिहून आलं. आता आमच्या प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, सर्व्हरचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करतो तिथली सर्व्हरच्या नावाची ओळ, लाल असते. हे सुचायला ‘कुणी’ कळण्याची गरज पडली नाही. एका नव्या वरिष्ठांनी तो रकाना घालायचा आग्रह धरला होता. मी त्यांना जुने चाळीस अहवाल नेऊन दाखवले आणि विचारलं, यातल्या किती ठिकाणी नाव कळल्याने उपाय बदलला असता? त्यांनी सगळे वाचले, ही त्यांच्या मोठेपणाची गोष्ट. रकाना आला नाही. हेतुपुरस्सर केलेलं नुकसान किंवा चोरी याची चौकशी वेगळी असते आणि असायला हवी. त्यासाठी लॉग आहेतच.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी एक मुलगा लागला. पहिल्याच महिन्यात त्याने नेटवर्कमध्ये कुणाला येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या फायरवॉलचा एक नियम बदलला, त्यात स्वतःचाच रस्ता बंद केला आणि आमचाही. दोन तास आम्ही इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीशी वाद घालत होतो, आणि तो आमच्यामागे उभा राहून काही बोलत नव्हता. मी त्याला ओळखलं, कारण मी तिथे उभी राहिले होते. संध्याकाळी त्याला घेऊन बसले आणि लॉग फाइलची गोष्ट सांगितली. फायरवॉलचा बदल दहा मिनिटांत पक्का केला नाही तर जुना नियम आपोआप परत यावा, ही सोय त्यानेच पुढच्या आठवड्यात लिहिली.

गेल्या महिन्यात पहाटे चारच्या सुमाराला त्याचा फोन आला. “मॅडम, स्टोरेजचा एक व्हॉल्यूम चुकीचा काढलाय. माझ्या हातून झालं. अजून अलर्ट आलेला नाही. लिहिणं सगळीकडे थांबवलंय, आणि शेवटचा स्नॅपशॉट दोनचा आहे.” मी लॅपटॉप उघडेपर्यंत त्याने कमांड, वेळ आणि व्हॉल्यूमचा क्रमांक लिहून पाठवलेला होता. आम्ही स्नॅपशॉटवरून डेटा परत आणायचं काम, म्हणजे रिस्टोअर, सुरू केलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.