मुदत विचारणारे नागरिक

७ डिसेंबर १९५० रोजी उत्तर लंडनमधील फिंचली भागात पोलीस शिपाई हॅरल्ड मकल यांनी एक मोटार अडवली आणि चालकाकडे राष्ट्रीय ओळखपत्र मागितले. क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या त्या चालकाने ते दाखवण्यास नकार दिला. महायुद्ध संपून पाच वर्षे उलटली होती, तरी १९३९मध्ये युद्धासाठी म्हणून केलेला नोंदणी कायदा अजून लागू होता. सैन्यभरती, सुरक्षा आणि रेशन यांसाठी सुरू झालेले हे ओळखपत्र एव्हाना सरकारची अनेक खाती आपापल्या सोयीने वापरू लागली होती, आणि मोटारचालकाला अडवले की ते मागायचे, हा पोलिसांचा शिरस्ताच होऊन बसला होता.

खटला वरच्या न्यायालयात गेला आणि १९५१मध्ये विलकॉक हरले, कारण कायदा कोणी रद्दच केलेला नव्हता. मात्र इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी निकाल देताना सरकारचे कान उपटले. युद्धकाळात विशिष्ट हेतूने केलेले कायदे युद्ध संपल्यावर भलत्या कामासाठी वापरले, तर कायदा पाळणारी माणसेच कायदा मोडणारी ठरू लागतात आणि ही गोष्ट अत्यंत अनिष्ट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. फेब्रुवारी १९५२मध्ये ओळखपत्रे रद्द झाली. दरम्यान ब्रिटनमध्ये सत्तांतर झाले होते, त्यामुळे एकट्या विलकॉक यांच्या नकाराने सरकार नमले असे म्हणणे म्हणजे गोष्ट रंगवून सांगणे होईल. पण एरवी कोणीही विचारत नसलेला प्रश्न त्या नकारामुळे न्यायालयापर्यंत पोहोचला, एवढे निश्चित.

सरकारचे नियंत्रण बहुतेक वेळा अशाच वाटेने वाढते. संकट खरे असते, त्यावर योजलेला उपायही त्या वेळी रास्त वाटतो आणि लोक तो मनापासून स्वीकारतात. पुढे संकट सरते, पण यंत्रणा, कर्मचारी आणि नोंदी तशाच राहतात आणि त्यांना नवे काम शोधून दिले जाते. नोव्हेंबर २०१५मध्ये पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले, तेव्हा फ्रान्सने आणीबाणी जाहीर केली. तिला सहा वेळा मुदतवाढ मिळाली. १ नोव्हेंबर २०१७ रोजी ती संपली खरी, परंतु त्याआधी दोनच दिवस राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या कायद्याने तिच्यातील अनेक अधिकार थोडेफार बदलून नेहमीच्या कायद्यात आणून ठेवले होते. अमेरिकेत दहशतवादी हल्ल्यांनंतर सरकारचे पाळतीचे अधिकार वाढवण्यासाठी ऑक्टोबर २००१मध्ये झालेल्या पॅट्रियट कायद्याच्या १६ तरतुदींना २००५च्या अखेरपर्यंतची मुदत घातलेली होती. मार्च २००६मध्ये त्यांपैकी १४ तरतुदी कायमच्या झाल्या. म्हणजे कायद्यात तारीख लिहून घेणे आवश्यक असले, तरी ती तारीख जवळ येते तेव्हा कोणीतरी जागे असावे लागते. विधेयक येते त्या दिवशी जेवढा गलबला होतो, त्याच्या दशांशही मुदतवाढीच्या दिवशी होत नाही, आणि नागरिकांची सर्वांत मोठी चूक इथेच होते, असे आम्हाला वाटते.

याचा अर्थ प्रत्येक नियमाला विरोध करावा, असा मुळीच नाही. अन्नाची तपासणी, वाहनातील सुरक्षापट्टा, कारखान्यातील यंत्रांची पाहणी हीसुद्धा नियंत्रणेच आहेत आणि ती नसती तर सर्वांत जास्त हाल दुबळ्यांचे झाले असते. जो प्रत्येक नियमाला हुकूमशाही म्हणतो, त्याचे म्हणणे खऱ्या धोक्याच्या वेळी कोणी मनावर घेत नाही. पारखायचे ते वेगळेच. नियम सर्वांना सारखा आणि उघड आहे, की तो कोणाला लावायचा हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे? त्याविरुद्ध दाद मागता येते का? आणि त्यासाठी गोळा केलेली माहिती पुढे कोणाच्या हाती जाणार आहे?

यांतील शेवटचा प्रश्न काढला, की ज्याला काही लपवायचे नाही त्याने घाबरायचे कशाला, असे हमखास ऐकवले जाते. नेदरलँड्समध्ये महायुद्धापूर्वी लोकसंख्येच्या नोंदवहीत प्रत्येकाचा धर्म लिहिलेला असे. ती नोंद करणाऱ्यांच्या मनात पाप नव्हते आणि ती देणाऱ्यांनाही काही लपवायचे नव्हते. १९४०मध्ये जर्मन फौजांनी देश व्यापला आणि त्याच चोख नोंदींच्या आधारे ज्यू नागरिकांना हुडकून काढणे सोपे झाले. तिथल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,०००हून अधिक मारले गेले. मार्च १९४३मध्ये डच प्रतिकारकांनी अ‍ॅमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवले, पण तोवर फार उशीर झाला होता. माहिती मागणारे सरकार आज कितीही सज्जन असले, तरी नोंदी त्या सरकारपेक्षा जास्त काळ टिकतात.

हा इतिहास ताजा असल्यामुळेच असेल, पश्चिम जर्मनीत १९८३च्या जनगणनेला जो विरोध झाला, तो नागरिकांनी कसे वागावे याचा सर्वांत चांगला नमुना आहे. जनगणनेत जमवलेली माहिती स्थानिक नोंदवह्या दुरुस्त करण्यासाठीही वापरली जाणार होती. त्याविरुद्ध गावोगावी नागरिकांचे गट उभे राहिले, बहिष्काराची हाक दिली गेली आणि त्याच वेळी काही जण घटनात्मक न्यायालयातही गेले. एप्रिलमध्ये न्यायालयाने जनगणना थांबवली आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी निकाल दिला, की आपली माहिती कोणाला आणि कशासाठी द्यायची हे ठरवण्याचा मूलभूत अधिकार व्यक्तीला आहे. न्यायालयाची कारणमीमांसा मोठी मार्मिक होती. सभेला गेल्याची किंवा एखाद्या नागरी गटात सामील झाल्याची नोंद कुठेतरी होते आहे, अशी शंका ज्याला येते, तो हळूहळू आपले हक्क वापरायचेच सोडून देतो; आणि त्यात त्याच्या एकट्याचे नुकसान नसून लोकशाहीचेही नुकसान असते.

मात्र न्यायालयाने माणसे मोजण्याचा सरकारचा अधिकार नाकारला नाही. आकडेवारीसाठी घेतलेली माहिती प्रशासनाच्या इतर कामांपासून वेगळी ठेवा, एवढी अट घातली. कायदा सुधारला गेला आणि १९८७मध्ये जनगणना झाली. तिलाही काहींनी विरोध केला, तो वेगळा विषय.

या सगळ्यात एकट्याचे धैर्य पुरे पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. नकार देणाऱ्याला दंड, नोकरीतला त्रास आणि वकिलाचा खर्च सोसावा लागतो, आणि ते ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून वीरश्रीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून संघटना, वर्गणी आणि फुकट किंवा माफक शुल्कात खटला लढवणारे वकील यांचे मोल प्रत्यक्ष नकाराइतकेच आहे.

शिवाय नकाराची वेळ येण्यापूर्वी बरेच काही करता येते. स्वीडनने १७६६मध्येच सरकारी कागद पाहण्याचा हक्क कायद्याने दिला आणि आज अनेक देशांत तसे कायदे आहेत. त्यांचा वापर करून एखादा अधिकार वर्षभरात किती वेळा, कोणत्या कारणासाठी वापरला गेला हे मागवता येते. आणि ज्या कारणासाठी तो घेतला होता त्याखेरीज इतरत्रच तो जास्त वापरला जातो आहे असे दिसले, तर मुदतवाढीच्या चर्चेत त्याहून बळकट पुरावा लागत नाही. अनेक देशांत कायद्याचा मसुदा हरकतींसाठी खुला केला जातो. अशा वेळी नुसता निषेध लिहून पाठवला, तर तो एका रकान्यात मोजला जातो आणि विसरला जातो. त्याऐवजी कलमाचा क्रमांक देऊन विचारावे, की हा अधिकार कोणत्या तारखेला संपणार, माहिती कोणत्या खात्यांना दिसणार, ती कधी नष्ट होणार, चुकीची नोंद कोण दुरुस्त करणार आणि अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध कोणाकडे जायचे. उत्तर आले नाही, तर तोच कागद पुढे प्रतिनिधीकडे, वार्ताहराकडे आणि गरज पडल्यास न्यायालयात नेता येतो.