‘मॅप डाउनलोड केलाय’ म्हणून निघालो आणि हरसूलला अडकलो! ऑफलाइन मॅपसाठी कोणतं अ‍ॅप घ्यायचं?

नमस्कार मंडळी! आज ना गाडी आहे ना ट्रेक, गच्चीवरच्या पत्र्याखाली बसलोय, मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे, माइक खराब नाहीये. मेसेजमध्ये सारखं एकच विचारताय की दादा रेंज नसते तिथे कोणतं मॅप अ‍ॅप वापरतोस. एका शब्दात उत्तर देता आलं असतं, पण आधी माझी फजिती ऐका मग अ‍ॅपचं बोलू.

मागच्या श्रावणातली गोष्ट आहे. आम्ही दोन बाइकवर चौघं, त्र्यंबकच्या पुढे हरसूलच्या बाजूला एका पाड्यावर मित्राच्या घरी चाललो होतो. मॅप मी आदल्या रात्री डाउनलोड केलेला, म्हणून बिनधास्त. अ‍ॅपचं नाव नाही घेत. डांबरी सोडून आत वळलो, रेंज गेली, तरी निळी रेघ दिसतेय म्हणून मी आपला रेघेवर चालवतोय, पुढे मुरूम संपला, चिखल लागला, आणि मग एक फरशी आली, म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल, तिच्यावरून चांगलं गुडघाभर पाणी. झालं, मागे फिरायचं ठरवलं. आणि इथे गंमत. नकाशा दिसतोय, आपला ठिपका पण दिसतोय, पण नवीन रस्ता काढ म्हटलं की चक्र नुसतं गरगर फिरतंय, कारण त्या अ‍ॅपला रस्ता काढायला नेट लागायचं! चित्र फोनमध्ये होतं, डोकं सर्व्हरवर होतं. शेवटी गाई घेऊन एक आजोबा आले, बाइककडे बघितलं, माझ्या फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "ही ढोरांची वाट हाय बाबा, गाडीची वाट तिकडून, शाळेच्या मागून."

आता हे ‘ढोरांची वाट’ लक्षात ठेवा, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आपण वापरतो ती बहुतेक ऑफलाइन अ‍ॅप्स, म्हणजे ऑरगॅनिक मॅप्स, ओस्मअँड वगैरे, यांचा नकाशा एकाच ठिकाणाहून येतो, ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली सुरू झालेला प्रकल्प आहे, जगभरातले लोक फुकट नकाशा काढतात, तुम्ही-आम्ही पण काढू शकतो. बऱ्याच रेघा कोणीतरी घरी बसून सॅटेलाइट फोटोवरून ओढलेल्या असतात. आणि वरून बघितलं तर पायवाट, ढोरवाट आणि उन्हाळ्यात कोरडा पडलेला ओढा, तिन्ही सेम दिसतात हो! म्हणून एका अ‍ॅपमध्ये वाट चुकीची आहे म्हणून दुसरं टाकलं तर त्यात पण तीच वाट तशीच चुकीची असते, फक्त रंग बदलतो. अ‍ॅप बदलून डेटा बदलत नाही. त्यामुळे कोणतं अ‍ॅप भारी हा प्रश्न नंतर, आधी हे बघा की तुम्ही जिथे चाललाय तिथला नकाशा कोणाकडे नीट भरलेला आहे.

याच कारणाने परदेशी यूट्यूबवर जे टॉप टेन येतात ते आपल्याकडे आंधळेपणाने घेऊ नका. ऑनएक्स ऑफरोड छान अ‍ॅप आहे पण ते बनलंय अमेरिकेतल्या ट्रेल्ससाठी, सुरगाण्याच्या जंगलात त्याचा काय उपयोग. गाया जीपीएसमध्ये मॅप ऑफलाइन घ्यायला वर्गणी भरावी लागते. आणि गूगल मॅप्स, जो सगळ्यांच्या फोनमध्ये असतोच, त्यात एरिया डाउनलोड होतो, गाडीचा रस्ता ऑफलाइन सांगतो पण पायी चालायचा रस्ता ऑफलाइन सांगत नाही. म्हणजे नाशिक ते घोटी ठीक, हरिहर किल्ल्याच्या पायथ्याला उतरलात की त्याचं काम संपलं.

मी स्वतः दोन ठेवतो. ऑरगॅनिक मॅप्स, पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, आणि हलकं इतकं की जुन्या फोनवर पण पळतं. घरच्यांच्या फोनमध्ये पण हेच टाकून दिलंय. दुसरं ओस्मअँड, दिसायला सरकारी फॉर्मसारखं, सेटिंगात सेटिंग, पहिल्या दिवशी डोकं फिरतं. पण त्यात कच्चा रस्ता टाळ असं सांगता येतं, पावसाळ्यात हे सोन्यासारखं आहे. अँड्रॉइडवर फुकटमध्ये ७ मॅप डाउनलोड मिळतात. कंटूर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या रेघा, पाहिजे तर मात्र पैसे मोजा, ऑरगॅनिकमध्ये कंटूर फुकट आहेत. आणि विकिलॉक. विकिलॉक नकाशासाठी नाही, ट्रॅकसाठी. आपल्या सह्याद्रीतले ट्रेकर्स तिथे भरपूर ट्रॅक टाकतात, म्हणजे कोणीतरी खरोखर पायी चालून रेकॉर्ड केलेली रेघ मिळते. त्याच अ‍ॅपमध्ये ट्रॅक फॉलो करायला प्रीमियम लागतं. मी ट्रॅकची जीपीएक्स फाइल, म्हणजे ती रेघ साठवलेली फाइल, मिळाली तर ती ऑरगॅनिकमध्ये उघडतो. पण ट्रॅक घेताना तारीख बघा राव! जानेवारीतला ट्रॅक ऑगस्टमध्ये कारवी आणि गवतात सापडत नाही, आणि जिथे त्याने ओढा उडी मारून पार केला तिथे तुम्हाला पोहावं लागेल.

[स्क्रीनवर: हरिहर, कंटूर चालू]

हे बघा, हा हरिहर. या तपकिरी रेघा म्हणजे कंटूर, एका रेघेवरची सगळी जागा एकाच उंचीवर. रेघा लांब लांब म्हणजे सपाटी, इथे बघा कशा चिकटल्यात, म्हणजे उभा चढ. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पण दोन रेघांमध्ये समजा उंचीचा २० मीटरचा फरक आहे, तर १५ मीटरचा कातळ त्या दोन रेघांच्या मध्ये आरामात लपतो, नकाशावर दिसतच नाही. त्यात बऱ्याच अ‍ॅप्समधली उंची फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या स्पेस शटल यानाने ११ दिवसांत मोजलेल्या डेटावरून येते, साधारण ३० मीटरला एक आकडा. आपला सह्याद्री म्हणजे केकसारखा थरांचा, सपाटी-कडा-सपाटी-कडा, तो कडा या डेटात गुळगुळीत होऊन नुसता चढ दिसतो. म्हणून मॅपवर शॉर्टकट दिसला म्हणून सोंडेवरून खाली उतरायला जाऊ नका, खाली काय आहे ते स्क्रीन सांगणार नाही. १५६७ मीटरचा साल्हेर असो नाहीतर आपली छोटी अंजनेरी, नियम तोच.

बरं, एक गैरसमज. रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही असं नाही. जीपीएसला सिम लागत नाही, एअरप्लेन मोडवर पण चालतं. फक्त सुरुवातीला आपण कुठे आहोत हे फोन नेटच्या मदतीने पटकन शोधतो. नेट नसेल तर सॅटेलाइटकडून माहिती गोळा करत बसतो आणि घळीत, झाडाखाली असाल तर बसूनच राहतो. म्हणून त्र्यंबकला चहा घेता तिथेच अ‍ॅप उघडा, ठिपका पक्का होऊ द्या, मग पुढे चला.

बाइकवाल्यांनो, फोन थेट हँडलला लावू नका. जोरदार इंजिनच्या व्हायब्रेशनने कॅमेरा खराब होऊ शकतो असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. चुंबकवाला होल्डर असेल तर कंपास पण येड्यासारखा फिरतो. आणि पावसात प्लास्टिकच्या पिशवीत फोन... हरसूलला पिशवीवर थेंब पडले की नकाशा आपोआप झूम होत होता, पाण्याचं बोट! तेव्हापासून मी रस्ता आधी लावून स्क्रीन लॉक करतो, कानात फक्त आवाज.

सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसताना थेट सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र, मागवू का असं दोघांनी विचारलंय. नका मागवू. आपल्याकडे परवानगीशिवाय असली उपकरणं वापरणं बेकायदेशीर आहे, विमानतळावर पकडले जाल. आणि जंगल खात्याच्या हद्दीत मॅपवर रस्ता दिसतो म्हणून गाडी घालू नका, गेट असेल तर थांबायचं, विचारायचं.

आता टेस्ट. निघायच्या आदल्या रात्री घरीच. माझ्यासोबत करा. वायफाय बंद... एअरप्लेन मोड चालू. अ‍ॅप पूर्ण बंद करून परत उघडलं. आता हरिहरच्या पायथ्याची हर्षेवाडी सर्च करतो... आली. म्हणजे सर्च ऑफलाइन चालतंय. घरापासून रस्ता काढ... काढला. आता मुद्दाम मधला एक पॉइंट बदलतो, नवीन रस्ता काढतो का बघू. काढला! हरसूलला माझं इथेच अडलं होतं. आता चालायचा मोड, हर्षेवाडी ते गड. हा, बघा, रेघ गडाच्या पायऱ्यांपर्यंत जातेय. आणि शेवटचं, ठिपक्यावर दाबून ठेवलं की हे दोन आकडे येतात, अक्षांश-रेखांश, दशांशात. चौथ्या दशांशापर्यंत सांगितलं की साधारण ११ मीटरच्या आत माणूस सापडतो. कधी मदतीसाठी ११२ ला फोन करावा लागला तर ‘मोठ्या झाडाजवळ आहे’ सांगण्यापेक्षा हे वाचून दाखवा.

हे सगळं ज्या अ‍ॅपमध्ये एअरप्लेन मोडवर झालं ते तुमचं अ‍ॅप. चला, पत्रा गळायला लागलाय, कॅमेरा भिजेल, थांबतो.