कुरियरवाला दारात थांबलाय

(दृश्य : घराचं दार. बेल वाजते.)

सकाळचे साडेनऊ. दारात कुरियरवाला. हातात जाड लिफाफा. "सह्या झाल्या की लगेच परत घेऊन यायला सांगितलंय," असं म्हणून तो तिथेच उभा राहतो. आत कागदांचा गठ्ठा. जिथे जिथे सही हवी, तिथे तिथे पिवळ्या चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या. मधली पानं कुणी वाचू नयेत, अशीच सगळी मांडणी.

ब्रिटनमधल्या पेन्शनच्या फसवणुकीत हा कुरियरवाला वर्षानुवर्षं दिसत आलाय. त्या बिचाऱ्याला आतल्या कागदांची कल्पनाही नसते. पण त्याला पाठवणाऱ्याला माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक असतो. दारात कुणी ताटकळत असलं की आपल्याला अवघडल्यासारखं होतं, आणि त्या अवघडलेपणात माणूस सही करून मोकळा होतो. तीस वर्षांची कमाई, दहा मिनिटांत.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर पेन्शन योजनेचं एक पत्र.)

हे सगळं सुरू होतं ते बहुतेक वेळा या पत्रातल्या एका आकड्यापासून.

ब्रिटनमधल्या जुन्या कंपन्यांच्या अनेक योजनांमध्ये ठरलेली पेन्शन मिळते. पगार आणि नोकरीची वर्षं यांवर ती ठरते, आणि माणूस जिवंत असेपर्यंत येत राहते. ही पेन्शन सोडून द्यायची असेल, तर तिच्या बदल्यात किती एकरकमी पैसे दुसऱ्या योजनेत हलवता येतील, हे विचारायचा हक्क सभासदाला असतो. समजा, वर्षाला 12 हजार पौंड पेन्शन बसते आहे. तिच्या पंचवीस पट धरली, तर पत्रात 3 लाख पौंड लिहून येतात. ज्या माणसाने आयुष्यभर बँकेत चार-पाच हजारांपलीकडे शिल्लक पाहिली नाही, त्याच्यासमोर हा आकडा येतो. त्या क्षणी पेन्शन हा उरलेल्या आयुष्याचा पगार आहे, हे तो विसरतो. त्याला वाटतं, आपल्याला घबाड मिळालं. ठग त्याच क्षणाची वाट बघत असतो. पत्रातला आकडा साधारण तीन महिनेच कायम राहतो, त्यामुळे घाई करायला त्याला आयतं निमित्तही मिळतं.

(दृश्य : पोर्ट टॅलबट. समुद्रकिनारा, मागे पोलाद कारखाना.)

साउथ वेल्समधलं पोर्ट टॅलबट. 2017 साली ब्रिटिश स्टीलच्या पेन्शन योजनेची फेररचना झाली. कामगारांपुढे पर्याय होते : नव्या योजनेत जायचं, जुन्याच योजनेबरोबर सरकारने उभारलेल्या संरक्षण निधीत जायचं, नाहीतर पैसे घेऊन बाहेर पडायचं. मुदत थोडी, कागद किचकट, आणि कारखान्याचंच काय होणार ही धास्ती. अशा वेळी गावात सल्लागार आले. त्यांच्या आधी आले गिऱ्हाईक जमवणारे मध्यस्थ. जेवणं दिली गेली, बैठका झाल्या. पाळीवरून सुटलेल्या माणसाला बाजूच्या मशीनवरचा मित्र सांगायचा, "मी केलंय, तूही कर." ज्याच्यावर विश्वास टाकावा, तोच आधी फसलेला होता.

सुमारे 8 हजार जण बाहेर पडले. मिळून जवळपास 280 कोटी पौंड हलले. पुढे नियामक संस्थेने, म्हणजे फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने, फायली तपासल्या, तेव्हा त्यांपैकी जवळपास निम्म्या प्रकरणांत दिलेला सल्ला त्या माणसासाठी अयोग्य निघाला. भरपाईची योजना 2023 साली आली. मधली पाच-सहा वर्षं त्या घरांनी कशी काढली असतील, याचा हिशेब कुठल्याही योजनेत बसत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. यातले बरेच सल्लागार परवानाधारक होते. सूट-बूट खरे, कार्यालयही खरं. पण अनेकांची फी अशी ठरलेली होती, की पैसे हलले तरच ती मिळणार. "जागचे हलू नका" असं सांगणाऱ्या सल्लागाराच्या हाती काहीच पडणार नव्हतं. ही पद्धत ऑक्टोबर 2020 पासून बहुतांश बंद झाली, आणि माझ्या मते ती फार आधी बंद व्हायला हवी होती. ठरलेल्या पेन्शनची किंमत 30 हजार पौंडांच्या वर असेल, तर परवानाधारक सल्लागाराचा सल्ला कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि बहुतेकांनी अशी पेन्शन सोडू नये, हीच नियामकाची मूळ भूमिका आहे.

(दृश्य : एकसारखी शटर असलेली गोदामं.)

आता पैसे कुठे जातात ते पाहू. गोदामातली एक खोली. परदेशातल्या हॉटेलची एक खोली, जे हॉटेल अजून बांधलेलंच नाही. विमानतळाजवळची पार्किंगची जागा. जंगलातली झाडं. माहितीपत्रकात "वर्षाला 8 टक्के, हमखास". पहिलं वर्ष कधीकधी तेवढे पैसे येतातही, कारण ते तुमच्याच रकमेतून दिलेले असतात. मग ते थांबतात. खोली विकायला जावं, तर घेणारा कुणी नाही. मधल्या मध्ये मध्यस्थांची दलाली कापून गेलेली असते.

आणखी एक आमिष असतं. 55 वर्षांच्या आतच पेन्शनमधून रोख काढून देतो, "कायद्यात पळवाट आहे," असं सांगितलं जातं. 2015 साली पेन्शन वापरण्याचे नियम सैल झाले, पण 55 ची अट तशीच राहिली, आणि 6 एप्रिल 2028 पासून ती 57 होणार आहे. गंभीर आजारासारखे मोजके अपवाद सोडले, तर त्याआधी हात घालणाऱ्याला 55 टक्क्यांपर्यंत कर भरावा लागू शकतो. ही नोटीस ठगाच्या नावाने निघत नाही, सभासदाच्या नावाने निघते. पैसे गेलेले, वर कर्ज काढून कर भरायचा. या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात क्रूर वाटतं ते हेच.

(दृश्य : वाजणारा मोबाइल.)

ओळख नसताना, परवानगी न घेता पेन्शनबद्दल फोन करायला ब्रिटनमध्ये जानेवारी 2019 पासून बंदी आहे. त्यामुळे "फ्री पेन्शन रिव्ह्यू"चा असा फोन आला, की समोरचा कितीही गोड बोलला तरी फोन ठेवून द्यायचा. त्यात उद्धटपणा नाही.

समोरचा आपल्या संस्थेचा नोंदणी क्रमांक सांगेल. तो क्रमांक खराही निघेल. खऱ्या संस्थेचं नाव, क्रमांक, अगदी वेबसाइटही जशीच्या तशी उचलण्यात ही मंडळी तरबेज आहेत. म्हणून त्याने दिलेल्या फोनवर खात्री करण्यात अर्थ नाही. नियामकाच्या नोंदवहीत त्या संस्थेचा जो फोन दिलाय, तो स्वतः फिरवायचा आणि विचारायचं, "या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का?" कितीतरी वेळा पलीकडून उत्तर येतं, "नाही. आणि आज असं विचारणारे तुम्ही पहिले नाही."

नोव्हेंबर 2021 पासून पेन्शन योजनांच्याही हातात थोडं बळ आलंय. अनाहूत फोन, बक्षिसाचं आमिष, दबाव, अशी लाल खूण दिसली, तर योजना पैसे हलवायला नकार देऊ शकते. खूण पिवळी, म्हणजे नुसती शंका घेण्याजोगी, असेल, तर आधी मनीहेल्पर या मोफत सरकारी सेवेच्या माणसाशी बोलून यावंच लागतं. ठग म्हणतो, "योजनावाले तुमचे पैसे अडवून ठेवतायत, तक्रार करा." खरं तर तेवढाच एक अडसर त्याच्या आणि तुमच्या पैशांच्या मध्ये उरलेला असतो.

(दृश्य : पुन्हा ते टेबल. सही झालेल्या कागदांची प्रत.)

सही होऊन गेली असेल, तरी पैसे त्याच दिवशी हलत नाहीत. व्यवहाराला आठवडे लागतात. त्या दिवसांत आपल्या जुन्या योजनेला फोन केला आणि "मला शंका आहे, थांबवा" एवढं म्हटलं, तरी पैसे वाचू शकतात. पण पुष्कळांचा हा फोन राहून जातो. बायकोला काय सांगू, मुलांना काय वाटेल, या विचारात दिवस सरतात.

आणि ज्यांचे पैसे गेले, त्यांना काही महिन्यांनी आणखी एक फोन येतो. आवाज नवा असतो. बुडालेली रक्कम किती, हे त्याला पौंडापर्यंत माहीत असतं. तो म्हणतो, "तुमचे पैसे सापडलेत. सोडवण्यासाठी थोडी फी भरावी लागेल."

फसलेल्यांची यादी त्याला पहिल्या ठगानेच विकलेली असते.