काँग्रेस गवत खाणारा भुंगा

हा तासगाव-सांगली रस्ता. पाऊस सुरू होऊन दीडेक महिना झालाय आणि दोन्ही कडेला हे पांढरं पांढरं जे दिसतंय ना, ते सगळं गाजर गवत, आपल्याकडं काँग्रेस म्हणतात तेच. कॅनॉलच्या भरावावर, उसाच्या बांधावर, पडीक प्लॉटमध्ये, जिथं बघाल तिथं हेच. मूळ मेक्सिकोकडचं, आपल्याकडं १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं, अमेरिकेच्या गव्हातून बी आलं असं सांगतात. एका झाडाला १०,००० च्या वर बी धरतं आणि ते वाऱ्यानं, पाण्यानं, गाड्यांच्या टायरला लागून पुढं जातं. अंगाला खाज, पुरळ, परागकणांनी शिंका आणि दमा, हे तर गावोगावी आहेच.

आता हे पान बघा, जवळून. पिवळसर पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, हा झायगोग्रामा, म्हणजे मेक्सिकन भुंगेरा. १९८३-८४ ला बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून आणून, तपासून मग सोडला. मादी पानाखाली अंडी घालते, चार-पाच दिवसांत अळ्या निघतात आणि आधी कोवळे शेंडे खातात, त्यामुळं फूलच धरत नाही. हे झाड बघा, पानांची पार चाळणी झालीय, आणि हे शेजारचं, नुसता दांडा उरलाय! पुढं अळी मातीत जाऊन कोष करते, भुंगा होऊन परत वर येते, पावसाळाभर हेच चालतं. थंडी-उन्हाळ्यात तो जमिनीत झोपून राहतो, म्हणून तेव्हा दिसला नाही तर मेला असं समजू नका. नव्वदच्या दशकात हा सूर्यफूल खातो अशी ओरड झाली होती, पण तपासणीत तो पिकावरची कीड ठरला नाही, तेव्हा भुंगा दिसला की लगेच फवारणीचा पंप काढायची घाई करू नका, हे कळकळीनं सांगतोय.

या ताई भुंगे गोळा करतायत. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, झाकणाला बारीक भोकं, आत काँग्रेसचाच पाला. पाचशे-हजार भुंगे एका जागी सोडायचे, दोन-चार सोडून काही होत नाही, आणि तिथलं गवत निदान त्या हंगामात तरी उपटायचं नाही, नाहीतर ते खातील काय? पहिल्या वर्षी फार फरक दिसत नाही, संख्या वाढायला वेळ लागतो. घराजवळचं, शाळेजवळचं मात्र थांबू नका, फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा आणि खड्ड्यात कुजवा. फुलं आलेलं खड्ड्यात टाकू नका, बी खतातून परत रानात येतं.